वाडीचं बीपी

आमच्या भागातल्या एका दूध संस्थेच्या चेअरमनने सोजरबाई नावाच्या आपल्याच सभासद बाईला फसवलं आणि दोष माझ्या मशीनच्या माथी मारला. पहिली गोष्ट संस्थेच्या ओट्यावर झाली, दुसरी भर सभेत. संस्थेचं नाव मी लिहून पाठवलं होतं, ते संपादकांनी खोडलं. चेअरमनचंही खोडलं. त्यांची अडचण मला कळते, पटत नाही. नेकनूर ते लिंबागणेश या टापूत ज्याला कळायचं त्याला नावं न छापताही कळेल. चेअरमनला मी इथे बापू म्हणतो.

मी मोजायची साधनं विकतो आणि दुरुस्त करतो. तराजू, काटे, दुधाची मापं, दुधाचं फॅट काढायची मशीन, थर्मामीटर आणि अलीकडे बीपीची मशीन. वडिलांचं किराणा दुकान थोरल्या भावांनी ठेवून घेतलं, माझ्या वाट्याला एक मोडका काटा आला. तो मी स्वतः खोलून नीट केला आणि तिथून धंदा उभा राहिला. कुणी शिकवलं नाही. सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून नेकनूरचा बाजार केला, धारूरचा केला. पुढे बीडला स्टँडच्या मागे दुकान टाकलं. लोक मला तोंडावर काटेवाले अप्पा म्हणतात आणि मागे तापट अप्पा. दोन्ही खरं आहे. घासाघीस करताना मला राग येतो, आणि राग आला की मला सौदा चांगला सुचतो.

मोजण्याच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. कुठलंही साधन एकदा विचारून पुरतं खरं बोलत नाही. टांगत्या काट्याला पोतं लावलं की सुई हेलकावे खाते. घेणारा सुई खाली आली की ‘बास’ म्हणतो, विकणारा वर गेली की म्हणतो. दोघेही डोळ्यांनी पाहिलेलंच सांगतात. खरं वजन मधे कुठेतरी असतं आणि ते कळायला थांबावं लागतं. माणसाच्या बीपीची सुई तर तो जिवंत आहे तोवर थांबत नाही. म्हणून तिथे पुन्हा पुन्हा मोजायचं आणि सरासरी काढायची. सरासरी म्हणजे न थांबणाऱ्या सुईसाठी थांबणं. एवढं ज्याला कळलं त्याला माझा निम्मा धंदा कळला.

मला हे सोजरबाईमुळे कळलं. मी तिला सोजरआक्का म्हणतो. दोन म्हशींची धनीण, अंगाने काटक, आवाज असा की बाजारात ती बोलायला लागली की शेजारचा भेळवाला गप्प बसायचा. मुलगा पुण्याकडे कामाला आणि घरात सून मंगल. आक्काने माझ्याकडून एक टांगता काटा घेतला, संस्थेत घालायच्या आधी दूध घरी तोलून बघायला. घेताना घरचा वरवंटा पदरात बांधून आणला होता. तो काट्याला लावला. काढला. पुन्हा लावला, मग तिसऱ्यांदाही. तिन्ही वेळा सुई किंचित वेगळी.

“ह्यातलं खरं कोन्तं बे?”

“आक्का, थोडं इकडंतिकडं व्हतंच.”

“मंग तिन्हीची मिळून सांग. आन् हजारदा लावला तरी ह्याच्या आसपासच ऱ्हाईल असं लिवून दे. न्हाईतर ठिव तुझा काटा तुझ्यापाशी.”

मी लिहून दिलं. आयुष्यात मी मोठमोठ्या संस्थांना लिहून दिलं नाही ते त्या बाईला दिलं. वर दुधाचं एक माप फुकट द्यावं लागलं. त्यानंतर बाजारात भेटली की आमचं भांडण ठरलेलं. कशावरही. तिच्याशी घासाघीस करून निघालो की मला दिवसभर तरतरी असायची.

मग तो दुष्काळ आला. गावोगावी टँकर लागले. संस्थेने माळावर चारा छावणी उघडली आणि अर्धं गाव जनावरांपाशी राहायला गेलं. दूध आटलं, तरी संस्था चालू होती. अडचण पाण्याची होती. फॅट काढायचं मशीन दर नमुन्यानंतर धुवावं लागतं, नाहीतर मागच्याचं फॅट पुढच्याला लागतं. प्यायला पाणी नाही तिथे मशीन कशाने धुणार? तेव्हा सचिव गोरखने तोड काढली. एका वाडीचं सगळं दूध एका कॅनमध्ये ओतायचं, त्या कॅनचा एकच नमुना काढायचा, आणि जे फॅट येईल ते वाडीतल्या सगळ्यांना सारखं लावायचं. त्याला ‘वाडीचं फॅट’ म्हणायचे. संस्थेच्या ओट्यावर एक काळा फळा होता, त्यावर रोज प्रत्येक वाडीचा आकडा लिहिला जायचा.

सोजरआक्का या गोष्टीवरून ओट्यावर चढून भांडली होती, मी तिथेच होतो.

“माझी म्हैस सरकी खाती. त्या संपतच्या गाईचं पानी माझ्या दुधात कावून मिसळता?”

गोरख म्हणाला, “आक्का, सहकार हाय. समद्यांचं मिळून असतंय.”

“मंग संपतला म्हनावं, मिळून सरकी घाल.”

सगळे हसले. फळ्यावरचा आकडा मात्र बदलला नाही. लोकांना हळूहळू सवय झाली. सकाळी कॅन ठेवायचा, फळा बघायचा, निघायचं. एकट्याचा आकडा विचारायचं लोक विसरले. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच सुमारास छावणीवर एक डॉक्टरीणबाई आल्या. बीडच्या, वयाने तरुण. त्यांनी एका दिवसात बऱ्याच जणांचं बीपी मोजलं आणि निम्म्यांचं जास्त निघालं. बाई हुशार. त्यांनी विचारलं, आत्ता येण्याआधी काय करत होता? टँकर नुकताच येऊन गेला होता. घागरी घेऊन पळालेली, एकमेकींच्या झिंज्या धरलेली माणसं तशीच रांगेत उभी होती. बाई म्हणाल्या, या आकड्यांवर मी गोळ्या सुरू करणार नाही. आठवडाभर घरी मोजा आणि सरासरी घेऊन या. ज्याची सरासरी जास्त, त्याला बीडला पाठवा. संस्थेने प्रत्येक वाडीत एक मशीन ठेवावं.

बापूंनी मला बोलावलं. बापू म्हणजे पांढरं धोतर, हळू आवाज आणि समोरच्याला चहा पाजून गार करायची कला. मशीनच्या सौद्यावर आमची दुपारभर जुंपली. शेवटी ठरलं, मशीन मी पुरवायची, शिकवायचंही मीच, आणि वर्षभर बिघाड निघाला तर बदलून द्यायचं. मी उठताना बापू म्हणाले, “अप्पा, तुमी लई कडक.” मी म्हटलं, “मशीनबी तसंच हाय.”

शिकवायला मी वाड्यावाड्यांत गेलो. खरं सांगतो, धंद्यात इतकी गंमत मला कधी आली नाही. काट्यावर पोतं ठेवलं की पोतं गप्प असतं. इथे पोतंच बोलतं, लाजतं, भितं, खोटं बोलतं.

नियम बाईंनी घालून दिले होते. पाठ टेकून बसायचं, पाय खाली, मांडी घालायची नाही. दंड छातीच्या उंचीला कशावर तरी टेकवायचा. आधी चहा-तंबाखू नाही. लघवीला जाऊन यायचं. पाच मिनिटं गप्प बसायचं. मग एकदा मोजायचं, मिनिटभर थांबून दुसऱ्यांदा. सकाळी असं आणि संध्याकाळी असं. आठवडा झाला की पहिला दिवस सोडून द्यायचा, बाकीच्यांची सरासरी काढायची. पहिला दिवस का सोडायचा, असं सगळेच विचारत. मी सांगायचो, नवा बैल दावणीला बांधला की पहिल्या दिवशी बुजतो. त्या दिवशी त्याचे दात कुणी मोजतं का?

पाच मिनिटं गप्प बसा म्हटलं की बाया हसायच्या. एक म्हातारी म्हणाली, “पोरा, लग्न झाल्यापून पाच मिन्टं बसले न्हाई. आता बसले तर उठायची न्हाई.” ब्लाउजच्या बाहीवरून पट्टा बांधला की आकडा भलताच यायचा आणि बाही वर सरकवली की दंडाला करकचायची. शेवटी मंगलने उपाय काढला. सासूची जुनी सैल चोळी मशीनपाशीच ठेवली, मोजायच्या वेळी जी ती घालायची. नामदेव नाना पट्टा बांधून घेत आणि बोलणं थांबवत नसत. मी म्हणायचो, नाना, बोललं की आकडा चढतो. ते म्हणायचे, न बोलता मला त्याच्याहून चढतंय. मी पडताळून पाहिलं. नानांचं खरोखरच गप्प बसवल्यावर जास्त यायचं. का, ते मला आजही माहीत नाही.

मला नाद लागला. टँकरचा हॉर्न वाजायच्या आधी आणि नंतर मी लोकांचं मोजायचो. हॉर्न वाजला की बसलेल्या माणसाचा आकडा उडी मारायचा, पाय जागेवरून हलले नसले तरी. पाणी घरात आलं की खाली यायचा. पण ज्याच्या घागरी रिकाम्या परत आल्या त्याचा वरच राहायचा. मी स्वतःचंही मोजलं. दुकानात एका गिऱ्हाइकाशी भाव करताना पट्टा बांधूनच बसलो. सौदा मोडला तेव्हा जास्त होतं, जमला तेव्हाही जास्त होतं. गिऱ्हाईक गेल्यावर उतरलं. बायको म्हणाली, हे सांगायला मशीन कशाला लागतं, मला विचारायचं.

सगळ्यात भारी गिऱ्हाईक किसन. छावणीत जनावरांची देखरेख करायचा. तो बटण दाबायचा, आकडा बघायचा, तोंड वाकडं करायचा, पुन्हा दाबायचा. मनाजोगा आकडा आला की पट्टा काढून मोकळा.

“किसन, समदे आकडे धरायचे असतेत.”

“कावून? बाजारात शेवटचा भाव धरतेत. मागचे बोलले त्ये बोलले.”

मी त्याला तासभर समजावलं. शेवटी म्हणाला, “अप्पा, तुमी सोत्ता कदी पयला भाव धरलाव का?” यावर मी त्याला शिव्या दिल्या.

आकडे सांगायची पद्धतही ठरली होती. दूध घालायला आलं की कॅन ठेवताना गोरखला बीपीचे कालचे वरचे आकडे तोंडी सांगायचे. सरासरी काढायचं काम त्याचं. सचिव आहे, रोजचा हिशोब करतो, चूक करणार नाही, असं सगळ्यांनाच वाटलं.

आठवडा उलटल्यावर मी मशीनचे सेल पोचवायला संस्थेत गेलो. ओट्यासमोर गर्दी. फळ्यावर खडूने लिहिलेलं: टेकडीची वाडी १२६, वरची वाडी १२८, खालची वाडी १३१. मला वाटलं हे कसले नंबर. मग टेकडीच्या वाडीचा एक जण खालच्या वाडीवाल्याला म्हणाला, “जरा मीठ कमी खा. तुमच्यामुळं गावाचं बीपी चढाया लागलंय.” तेव्हा मला कळलं.

गोरखने वाडीचं फॅट काढतात तसं वाडीचं बीपी काढलं होतं. सगळ्या माणसांचे सगळे आकडे एका कॅनमध्ये ओतले आणि एक नमुना काढला.

ज्यांना यात काय बिघडलं ते कळलं नसेल त्यांच्यासाठी सोपं करून सांगतो. समजा वाडीत पाच माणसं आहेत. चौघांचे आकडे एकशे बारा, एकशे अठरा, एकशे सोळा, एकशे बावीस. पाचव्याचा एकशे बहात्तर. पाचांची बेरीज करून पाचाने भागा. एकशे अठ्ठावीस येतं. छान दिसतं. पण एकशे अठ्ठावीस त्या पाचांत एकाचंही नाही. चौघं त्याच्या खाली आहेत, आणि पाचवा चौघांच्या सावलीत बसून जळतोय. सरासरी एका माणसाच्या अनेक वेळांची काढायची असते, अनेक माणसांच्या एका वेळेची नाही. सोजरआक्काच्या वरवंट्याची तीनदा मोजून सरासरी निघते. वरवंटा, पाटा आणि खलबत्ता मिळून सरासरी काढली तर ती कशाचं वजन सांगते?

गोरखची मला कीव आली. त्याने लबाडी केली नव्हती. संस्थेत सरासरी म्हणजे हीच, त्याला दुसरी माहीतच नव्हती. मी विचारलं, “यात सगळ्यात जास्त कुणाचं येत व्हतं?” तो म्हणाला, “सोजरआक्काचं येतंय जरा वर. पर मिळून बसतंय.”

मी तसाच छावणीवर गेलो. आक्का म्हशीपुढे वैरण टाकत होती. मी तिला बाजेवर बसवलं, पाच मिनिटं गप्प ठेवलं, हे एक मोठंच काम, आणि मोजलं. मग थांबून पुन्हा. मग पुन्हा. सरासरी एकशे बहात्तर. मंगलला विचारलं, रोज असंच यायचं का? मंगल म्हणाली, “एकशे सत्तरच्या खाली एकदा बी आलं न्हाई, अप्पा. मी रोज सांगत व्हते.”

“आक्का, बीडला चल. आजच.”

आक्काने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी जुना काटा नवा म्हणून विकतोय.

“किती मशिनी ऱ्हायल्यात तुझ्या?”

“मशीन इकायला आलो न्हाई.”

“तू कदी न्हाई आला इकायला? माझी वाडी एकशे अठ्ठावीस हाय. फळ्यावर हाय.”

“फॅटच्या येळंला ह्याच फळ्याशी भांडलीस की गं तू.”

“म्हशीचं येगळं. तितं मिसळलं की माझं नुसकान व्हतं. हितं मिसळून फायदाच हाय की.” आणि मग हळू आवाजात, जो मी तिच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता, “मी बीडला गेले तर ह्या म्हशींकडं कोन बघंल? ही पोर एकटी हाय. छावनीत दावं मोकळं दिसलं की दुसरा आपलं जनावर बांधतोय.”

मी हटलो नाही. शेवटी ती म्हणाली, चल बापूंपाशी. बापू म्हनले जा, तर जाते. मला वाटलं, जमलं.

बापू ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मी सगळं सांगितलं. फॅट, कॅन, पाच माणसं, एकशे बहात्तर. बापू समजले. हे मी ठामपणे लिहितो. अडाणी माणूस नाही तो. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि समजले. पण पुढच्या आठवड्यात तालुक्याला कार्यक्रम होता. दुष्काळातही आमच्या संस्थेने सभासदांची तब्येत कशी राखली, ते तिथे सांगायचं होतं, आणि ते तीन आकडे भाषणात बसले होते. डॉक्टरीणबाईंची तोवर बदली झाली होती. माणसागणिक आकडे मागायला कुणी उरलं नव्हतं.

बापू आक्काला म्हणाले, “आक्का, फळा बगितला न्हवं? वाडी बरी हाय. अप्पाला दर घरटी एक मशीन खपवायचंय, म्हनून असं बोलतेत. सहकारात एकट्याचं काई नसतंय.”

आक्का माझ्याकडे वळून हसली. “बग. मी म्हनलं न्हवतं?”

माझं डोकं फिरलं. मी बापूंना जे बोललो ते छापण्यासारखं नाही. त्याचा उपयोग उलटाच झाला. अप्पा चिडला म्हणजे सौदा मोडला, असा माझा लौकिक. आक्का समाधानाने छावणीवर गेली. तिला वाटलं, आज अप्पाला हरवलं.

पुढे फार दिवस गेले नाहीत. सकाळी शेण भरताना तिच्या हातातली पाटी पडली. उजवा हात उचलेना, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. मंगलने छावणीवरची जीप अडवली आणि बीडला नेलं. जीव वाचला. पाय काठीने चालण्याइतका आला. हात आला नाही आणि वाचा आली नाही.

त्यानंतरच्या वार्षिक सभेत बापूंनी विषय काढला. संस्थेने सभासदांच्या काळजीपोटी मशीन घेतली, पण मशीन खोटी निघाली, आकडा चांगला दाखवला आणि आपल्या एका भगिनीवर ही वेळ आली. मी उठलो. मशीन पिशवीत घेऊनच आलो होतो. बीडच्या एका डॉक्टरांकडच्या पाऱ्याच्या उपकरणाशेजारी ठेवून ते मी पुन्हा पुन्हा पडताळलं होतं, दोन्ही जवळजवळ सारखं दाखवत होती. मी म्हणालो, “मशीनने एकशे बहात्तर दाखवलं. एकशे अठ्ठावीस फळ्याने दाखवलं. फळा मी इकलेला न्हाई.”

बापू हसून म्हणाले, “लावा मला. समद्यांसमोर लावा.” मी पट्टा बांधला. एकशे चौसष्ट आलं. बापू सभेकडे बघून म्हणाले, “बगा. मला जल्मात बीपी न्हाई.” मागून किसन ओरडला, “अप्पाचं लावा.” माझं लावलं, एकशे नव्वद. मंडप हसून लोटपोट. आता नियमाने बघाल तर त्या दोन्ही आकड्यांना काही अर्थ नव्हता. दोन माणसं भांडत होती, एकजणही पाच मिनिटं गप्प बसला नव्हता. मी हे ओरडून सांगत होतो, आणि ओरडून सांगणाऱ्याचं हे कोण ऐकणार?

मग ठराव मांडला. मशीन सदोष आहेत, परत करावीत. अनुकूल असतील त्यांनी हात वर करा. हात वर झाले. बहुमताने मंजूर. आयुष्यभर मी काटे पडताळले. काटा खरा की खोटा, हे खात्रीचं वजन ठेवून ठरतं. हात मोजून ठरलेला तो एकच. मंगल बायांच्या बाजूला बसली होती. तिने हात वर केला नाही, एवढं मी पाहिलं.

मशीन पोत्यात भरून परत आली. ती मी दुसऱ्या गावांत विकली. एकही बिघडल्याची तक्रार आली नाही. पण त्या टापूत माझा धंदा बसला तो बसलाच. काटे घ्यायलाही लोक दुसऱ्याकडे जाऊ लागले. ज्याचं एक माप खोटं ठरलं त्याचं दुसरं कोण घेणार?

एक मशीन मात्र मी परत घेतलं नाही. ते मंगलकडे आहे. ती सासूला खुर्चीत पाठ टेकून बसवते, डावा दंड उशीवर ठेवते, दोनदा मोजते, सकाळी आणि संध्याकाळी. सरासरी काढते, एकट्या सासूची. डॉक्टर त्यावर गोळी कमी-जास्त करतात. म्हैस आता एकच उरली आहे, तिचंही मंगल बघते.

मी नेकनूरला गेलो की त्यांच्याकडे जातो. आक्का मला बघून डाव्या हाताने बस म्हणते. मोजलं की मी आकडा मोठ्याने सांगतो. “एकशे चाळीस, आक्का.” ती मान हलवते, नाही. डाव्या हाताची तीन बोटं दाखवते. म्हणजे एकशे तीसला दे. मी म्हणतो, परवडत नाही. ती तोंड फिरवते. मी म्हणतो, बरं, एकशे अडतीस. ती पुन्हा तीन बोटं. असं आमचं चालतं. बाजार गाजवणाऱ्या बाईचा आता एवढाच बाजार, आणि त्यातही आकडा माझ्या हातात नाही. घरी परत येताना मला पूर्वीसारखी तरतरी येत नाही.

मागच्या वर्षी बापूंच्या घरून एकजण माझ्या दुकानात आला. नाव सांगितलं नाही, पण मी त्याला ओळखतो. बीपीचं मशीन पाहिजे म्हणाला, चांगल्यातलं. घरात मोठ्या माणसाला डॉक्टरांनी रोज मोजायला सांगितलंय. मी दिलं. कसं मोजायचं ते सगळं समजावलं. तो म्हणाला, माहीत आहे, दोनदा मोजायचं, आठवड्याची सरासरी काढायची. मी विचारलं, कुणाकुणाची मिळून? त्याने मशीन पिशवीत टाकलं. म्हणाला, “अप्पा, येड्यागत काय इचारता? त्यांची एकट्याची.”

तर बापू, हा अंक तुमच्या घरी येतो हे मला माहीत आहे. तुम्ही तालुक्याला भाषणात वरच्या वाडीचं बीपी एकशे अठ्ठावीस सांगितलंत आणि टाळ्या घेतल्यात. ते एकशे अठ्ठावीस कुणाचं होतं? वाडीतल्या एका तरी माणसाचं नाव घ्या, ज्याच्या दंडाला पट्टा बांधून तो आकडा आला. मला एकट्याला सांगू नका. येत्या सभेत सांगा. सोजरआक्काला मी खुर्चीसकट आणून पहिल्या रांगेत बसवतो. तिच्याकडे बघून नाव सांगा. ती मधे बोलणार नाही, याची तजवीज तुम्ही आधीच करून ठेवली आहे.